मदत हवी आहे : सात वर्षांच्या लेकीच्या दाढा आणि २१ हजारांचा खर्च

नमस्कार. आम्ही डोंबिवलीत राहतो. लेक सात वर्षांची आहे, दुसरीत. गेल्या आठवड्यात रात्री दोन वाजता गाल धरून रडत उठली. लवंग ठेवली, कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरायला लावल्या, सकाळपर्यंत मांडीवर घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एक्स-रे काढला. खालच्या दोन दुधाच्या दाढांची कीड आतल्या नसेपर्यंत गेलीय. दोन्हींना रूट कॅनाल, वर कॅप आणि मागच्या पक्क्या दाढांना सीलंट (खाचा बुजवणारा पातळ थर), असे मिळून २१ हजार सांगितले. मेडिक्लेम आहे, पण आमच्या पॉलिसीत दातांचा खर्च अपघात झाला तरच मिळतो.

सासूबाई म्हणतात, दुधाचेच दात आहेत, पडणारच, काढून टाका. खर्चाकडे बघून मलाही तसंच वाटलं होतं. पण डॉक्टर म्हणाले, या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. आत्ता काढल्या तर मागची पक्की दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दातांना जागा उरत नाही. आणि ती पक्की दाढ साधारण सहाव्या वर्षी, एकही दात न पडता, मागून येते. मी तिलाही दुधाचीच समजत होते! आयुष्यभराची दाढ तोंडात आलीय हे मला माहीतच नव्हतं.

रोज झोपताना साखर घातलेलं दूध द्यायचे आणि ती तशीच झोपायची. रात्री लाळ कमी सुटते, त्यामुळे कीड करणारं आम्ल धुतलं जात नाही. पेस्टही स्ट्रॉबेरीच्या वासाची, बिनफ्लोराइडची होती. हे सगळं आता कळतंय आणि फार लागतंय मनाला.

हप्ते चालू आहेत, एवढी रक्कम एकदम काढणं अवघड आहे. सरकारी दंत रुग्णालयात लहान मुलांचं काम नीट करतात का? स्टीलची कॅप चालेल की दाताच्या रंगाचीच घ्यावी? आणि सीलंट खरंच करावं का? कुणी अनुभव घेतला असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद :
ताई, आधी एक. गालावर सूज किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी दाखवा, पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत थांबू नका.

माझ्या मुलाचं काम मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात झालं. तुम्हाला सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय सोयीचं पडेल, सेंट जॉर्जेसच्या आवारात आहे, गाडी बदलायला नको. दोन्हीकडे लहान मुलांचा वेगळा विभाग आहे. नायरला शिकणारे डॉक्टर काम करतात आणि वरिष्ठ तपासतात. खाजगीच्या मानाने खर्च फारच कमी आला, पण वेळ लागतो. आम्हाला पाच खेपा पडल्या. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, एक्स-रे सोबत न्या.

कॅप स्टीलचीच घ्या. चांदीसारखी चमकते एवढंच, पण टिकते, स्वस्त पडते आणि दाढेबरोबर पडून जाते. सीलंट मात्र टाळू नका. नव्या दाढेच्या खाचांत ब्रशचे केस पोचत नाहीत, तिथेच कीड धरते.

घरी फ्लोराइडची पेस्ट आणा, मटारच्या दाण्याएवढी. रात्रीचा ब्रश तुम्ही स्वतः करा. नंतर फक्त थुंकायला सांगा, खळखळून चूळ नको. दूध ब्रशच्या आधी. गोड पूर्ण बंद करायची गरज नाही, जेवणाबरोबर द्या. दिवसभर थोडं थोडं तोंडात जाणं जास्त वाईट.

धागाकर्ती :
मनापासून आभार. सोमवारी रजा टाकून सीएसएमटीला नेते. कालपासून ब्रश मी करतेय. मागच्या दाढेपर्यंत पोचायला तिचं डोकं मांडीवर घ्यावं लागतं. तुम्हीही असंच करत होता का?