अनुभव : ‘मला बरं वाटत नाहीये’ हे पुरुषांनी पहिल्यांदा कुणाला सांगितलं?

गेल्या मार्चमध्ये रात्री दोनला माझ्या छातीत कळ आली. दरदरून घाम, हातांना मुंग्या, आता संपलंच असं वाटणं. बायकोने रिक्षातून दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल. दीड महिन्यात असं तीनदा झालं. टूडी इको, स्ट्रेस टेस्ट, सगळं नॉर्मल. तिसऱ्या वेळी ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरने फाइल मिटली आणि विचारलं, “काका, झोप लागते का?” मी नाही म्हणालो आणि रडायलाच लागलो. वय ४६. कंपनीत माझ्या लाइनवरची निम्मी माणसं कमी केली होती, आणि कुणाला काढायचं ती यादी मलाच करायला लावली होती. घरी त्यातलं अवाक्षर बोललो नव्हतो. ते पॅनिक अटॅक होते, म्हणजे एकाएकी येणारे तीव्र भीतीचे झटके.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) २०२२ च्या अहवालात देशभरातल्या १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यात सुमारे ७२ टक्के पुरुष. हा आकडा वाचल्यापासून मला एकच प्रश्न पडतो : यांतल्या किती जणांना कुणी ‘झोप लागते का’ म्हणून विचारलं असेल?

या धाग्यावर सल्ले नकोत. पहिलं वाक्य कुणापाशी निघालं, एवढंच लिहा. जवळ कुणीच नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

वय ३१, पुण्यात परीक्षांची तयारी करत होतो

चौथ्यांदा मेन्सला राहिलो. घरी सांगितलं, निकाल लांबलाय. सकाळी सातला सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत जागा धरायची आणि रात्री दहापर्यंत तेच पान उघडं. मेसच्या काकू एकदा म्हणाल्या, “काय रे, आठ दिवस डब्यात पोळ्या तशाच परत येतायत.” मी म्हणालो, “काकू, मला घरी जायची भीती वाटते.” त्यांनी माझाच फोन घेऊन दादाला लावला. दादा रात्रीच्या एसटीने आला. एक प्रश्न विचारला नाही, पुस्तकं पोत्यात भरली, आणि दोघं सकाळच्या गाडीने निघालो. पुढे सिव्हिलला मानसोपचाराच्या ओपीडीत केसपेपर काढायलाही तोच रांगेत उभा राहिला.

यवतमाळ जिल्हा, वडिलांबद्दल लिहितो

२०१७ ला बोंडअळीनं कपाशी गेली. गावच्या आशाताई प्रेरणा प्रकल्पाचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी योजनेचा, कागद घेऊन घरी आल्या. झोप येते का, जेवण जाते का, मन लागते का. बाबा प्रत्येक प्रश्नाला “बरं हाय ना ताई” म्हणत होते. कागद भरून झाला. ताई उठल्या, दारात थांबल्या आणि सहज म्हणाल्या, “भाऊ, बैल इकले म्हणे?” बाबा मटकन ओसरीवर बसले. तिथून तासभर बोलले. सोसायटीचं कर्ज, सावकाराचं वेगळं, बहिणीचं लग्न. यातलं अर्धं आईलाही माहीत नव्हतं. कागदावर बैलांचा प्रश्न नव्हता. म्हणून मला वाटतं, गावातलीच बाई आली म्हणून बाबा वाचले.

वय ३४

बाळ तीन महिन्यांचं होतं. बायकोच्या डॉक्टरांनी तिच्या मनाची चौकशी दोनदा केली, ते योग्यच होतं. मी दुधाची पिशवी आणायला जायचो आणि पाऊण तास परतायचो नाही. बाळ रडलं की अंगावर काटा यायचा, आणि आपण बाप म्हणून नालायक आहोत असं वाटायचं. सांगितलं सासूबाईंना. त्या म्हणाल्या, “आज रात्री बाळ माझ्याकडे. तुम्ही दोघं झोपा.” बापालाही बाळंतपणानंतरचं नैराश्य येऊ शकतं, हे नंतर कळलं.

वय ५२

दहा वर्षं सगळे दारुड्या म्हणाले. दारूच्या खाली नैराश्य आहे, हे व्यसनमुक्ती केंद्रात पहिल्यांदा कळलं. आज इतकंच लिहवतंय.

धागा काढणारा

इतकं पुरेसं आहे, दादा. मानसोपचाराच्या गोळ्यांबद्दल दोघांनी विचारलंय : मला फरक जाणवायला तीन आठवडे लागले. पहिल्या आठवड्यात मळमळ इतकी की सोडून द्याव्यात असं वाटलं. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी वेळ बदलून दिली. मनाने बंद करू नका.

नाशिक, मी बाई आहे, चालेल ना?

आमचे हे ३४ वर्षं एसटीत कंडक्टर. निवृत्तीनंतर भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवायचे, नातवावर ओरडायचे. मी ‘स्वभाव बिघडला’ म्हणत राहिले. चिडचिड हेही नैराश्याचं लक्षण असतं, हे डॉक्टरांकडे गेल्यावर समजलं. पण तिथवर नेलं ते त्यांच्या जुन्या ड्रायव्हरने. सोळा वर्षं दोघं एका गाडीवर. त्याला हे म्हणाले होते, “आता डबल बेल कुणाला देऊ रे?” माझ्याशी नाही बोलले, त्याचं वाईट वाटलं. अजून वाटतं. ते ड्रायव्हर भाऊजी आता दर मंगळवारी येतात. मी चहा ठेवते आणि आतल्या खोलीत जाते.