ब्रिगेडियरच्या खांद्यावरची डोरी गेली, बरं झालं का?

पलटणवाला
परवा गावात एका लग्नात आम्ही चार पेन्शनर एका पंगतीला बसलो आणि जिलबीपेक्षा वादच जास्त वाढला गेला. विषय जुनाच. १ ऑगस्ट २०२३ पासून लष्करात ब्रिगेडियर आणि त्यावरच्या सगळ्या अधिकाऱ्यांची टोपी, खांद्यावरची पदचिन्हं, कॉलरच्या पट्ट्या, कमरपट्टा, बूट सगळं एकसारखं झालं. आपापल्या रेजिमेंटची डोरी, म्हणजे लॅनयार्ड, तीही गेली. कर्नल आणि खालच्यांचा पोशाख आहे तसाच.

माझं मत: बरं झालं. आणि हे मी चिन्हांचा शत्रू म्हणून म्हणत नाही. मी मराठा लाइट इन्फन्ट्रीचा. बेळगावच्या सेंटरवर टोपीला लाल-हिरवा तुरा लागेपर्यंत आम्ही नुसते रंगरूट होतो. तुरा लागला आणि मागे १७६८ पासूनची माणसं उभी राहिली. पाय सुजलेले असताना माणूस पुढचे दहा किलोमीटर चालतो ते पगारासाठी नाही, ‘पलटणीचं नाव जाईल’ म्हणून.

पण ब्रिगेडमध्ये साधारण तीन पलटणी असतात, बहुतेक वेळा तिन्ही वेगळ्या रेजिमेंटच्या. त्यांच्या साहेबानं एकाच पलटणीची टोपी घातली की बाकी दोघींचे कान टवकारतात. आमच्या एका ब्रिगेडमध्ये बॉक्सिंगच्या निकालापासून सुट्टीच्या यादीपर्यंत सगळ्याचं खापर साहेबांच्या टोपीवर फुटायचं. खरं असायचं का? बहुतेक नाही. पण संशयाला टोपी पुरायची.

काळी बटणं
असहमत, आणि चांगलाच. साहेब कुठल्या पलटणीतून आला हे लंगरवाल्यालाही ठाऊक असतं. पक्षपात करायचा तो डोरी काढूनही करेल. आधी निदान दारावर पाटी होती, आता पाटी काढली आणि घर तेच.

मी रायफल पलटणीचा. आमची बटणं काळी, कारण पितळ उन्हात चमकतं आणि नेमबाजाची जागा उघडी पडते. ही नटण्याची गोष्ट नाही, लढण्याच्या पद्धतीची आठवण आहे. जी गोष्ट पोरगेल्या लेफ्टनंटनं वीस-पंचवीस वर्षं जिवापाड जपली, ती बढतीच्या दिवशी पेटीत ठेव म्हणायचं? मग खालचा जवान काय समजेल? की वर जायचं तर आपलं घर विसरायचं.

पलटणवाला
विसरायचं नाही हो, सासरी माहेरचं नाव सारखं घ्यायचं नाही, एवढंच.

काळी बटणं
ही उपमा आमच्या सौभाग्यवतींना ऐकवली. त्या तुमचा पत्ता विचारतायत.

भीमाकाठ
दोघंही तुरा आणि बटणांवरच अडकलात. महार रेजिमेंटचं बघा. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावातच उभी राहिली. टोपीवरच्या बिल्ल्यावर तेव्हा भीमा कोरेगावचा विजयस्तंभ होता. ज्या समाजाला इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरतीची दारं बंद केली, पहिल्या महायुद्धात गरजेपुरतं घेतलं आणि १९२१ मध्ये पुन्हा घरी पाठवलं, त्याच्या पोरांच्या कपाळावर तो स्तंभ आला. नुसता बिल्ला नव्हता तो, दाखला होता.

स्वातंत्र्यानंतर स्तंभ गेला. आज आडव्या-तिडव्या दोन व्हिकर्स मशीनगन आणि मध्ये खंजीर आहे. माझ्या आजोबांना ते आयुष्यभर लागलं. म्हणून ‘सगळं एकसारखं करा, भेद मिटेल’ असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, पुसायला नेमकं कुणाचं चिन्ह निवडलंत?

तळेगावचा तात्या
भीमाकाठ, आजोबांचं दुःख समजतं. पण दुसरी बाजूही आहे. त्याच रेजिमेंटमध्ये आता देशभरातली, सगळ्या समाजांची पोरं आहेत. १९८७ मध्ये श्रीलंकेत ८ महारच्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं, ते तमिळ. जनरल कृष्ण राव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे. स्तंभ राहिला असता तर त्यांनी तो घातला नसता असं नाही. पण खंजीर कुणालाही पहिल्या दिवसापासून आपला म्हणता येतो.

भीमाकाठ
‘आपला म्हणता येतो’ हे बरोबर. पण स्तंभ आपला म्हणायला बाकीच्यांना अडचण का यावी, यावर तुम्ही काही बोलला नाहीत.

न्यूजर्सीचा नाना
इकडचा किस्सा सांगतो. अमेरिकेत काळी बेरे टोपी रेंजर या निवडक लढाऊ तुकड्यांची ओळख होती. २००१ मध्ये ती सगळ्या भूदलाला दिली, सगळ्यांना अभिमान वाटावा म्हणून! झालं उलटंच. निवृत्त रेंजर निषेध करत पायी वॉशिंग्टनला निघाले. शेवटी रेंजरांना वेगळी, फिक्या तपकिरी रंगाची बेरे द्यावी लागली. त्यात भर म्हणजे काही टोप्या चीनमध्ये शिवलेल्या निघाल्या, त्या परत घ्याव्या लागल्या. आणि ज्यांना फुकट मिळाली तेही खूश नव्हते. तिला ऊन अडवणारी झडपच नाही. २०११ मध्ये रोजच्या वापराला पुन्हा झडपवाली टोपी आली.

फौजीची लेक
फूट पाडणारे बिल्ले बघायचे असतील तर पुण्याच्या सिग्नलला उभं राहा. पॅरा स्पेशल फोर्सेसचं ‘बलिदान’ चिन्ह प्रत्येक तिसऱ्या बुलेटवर चिकटवलेलं. २०१९ च्या विश्वचषकात धोनीच्या ग्लोव्हजवर ते दिसलं, आयसीसीनं काढायला लावलं, तेव्हापासून तर ऊतच आलाय. धोनी निदान पॅराशूट रेजिमेंटचा मानद लेफ्टनंट कर्नल आहे, बुलेटवाला कोण? माझे बाबा पॅराशूट रेजिमेंटच्या साध्या पलटणीत होते, मरून रंगाची टोपी घालायचे, पण त्यांनीही ते चिन्ह कधी लावलं नाही. ‘ते माझं नाही’ म्हणायचे.

रसदवाला
सगळं वाचलं. मी आर्मी सर्व्हिस कोअरचा, म्हणजे रसद पोचवणाऱ्या एएससीचा, चोवीस वर्षं. तुमचे तुरे, बटणं, मरून टोप्या सगळं खरं. पण त्याच जोरावर तुम्ही आम्हाला ‘आटा-डाळवाले’ म्हणायचात, तेही खरं ना? बर्फात खच्चर घेऊन तुमच्या चौकीवर रॉकेल पोचवताना माझ्या टोपीकडे बघून कुणी हसलं नाही. खाली कॅन्टीनच्या रांगेत मात्र हसायचे. पलटणवाला, तुम्ही म्हणता ब्रिगेडियरच्या टोपीनं संशय येतो, खालच्या टोप्या ठीक आहेत. खाली कोण कुणाला हसतं ते तुमच्या हिशेबात धरलंच नाहीत.

पलटणवाला
रसदवाला, धरलं नाही, कबूल. त्या पंगतीतला चौथा पेन्शनर एएससीचाच होता. आम्ही तिघं तुऱ्यावरून भांडत होतो, तो एक शब्द बोलला नाही, आम्हाला वाढत राहिला. आत्ता लक्षात आलं. सकाळी फोन करतो त्याला.