गाभण उंदरीण सारखी पोट चाटते, गळ्यात कॉलर घालू का?

सावली, डिचोली
माझी पांढरी उंदरीण चिमी गाभण आहे. एरवी ती आधी पंजे, मग तोंड-कान, मग पाठ अशी अंग चाटत जायची. आता तोंड कसंबसं पुसते आणि पोट नि शेपटीखालचा भाग चाटत बसते. सडांभोवतीचे केसही विरळ झालेत. पावसात आमच्याकडे कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते, म्हणून खरजेची भीती वाटते. शेजारच्या काकांनी कुत्र्याला घालतात तशी छोटी कॉलर करून दिलीय, पोट कडुलिंबाच्या पाण्याने पुसायलाही सांगितलंय. करू का?

फोंडेकर
खरूज असली तर मानेवर, खांद्यांवर खपल्या दिसतात, मागच्या पायाने सारखं खाजवते. तसं आहे का?

सावली, डिचोली
नाही, खपली एकही नाही.

म्हापशाची बाई
मग कॉलर मुळीच घालू नकोस गं! मी प्राणिशास्त्र शिकवायचे, आणि नेमका हाच प्रयोग वर्गात आवर्जून सांगायचे. 1960च्या दशकात अमेरिकेत रॉथ आणि रोझेनब्लाट यांनी गाभण उंदरिणींच्या गळ्यात कॉलर घातल्या. तोंड पोटापर्यंत पोचेना. त्यांच्या दूधग्रंथींची वाढ इतर उंदरिणींच्या जवळजवळ निम्मीच झाली. म्हणजे हे चाटणं नुसती स्वच्छता नव्हे, त्या स्पर्शाने ग्रंथी वाढीला लागतात. दिवस भरत येतात तसं तिचं लक्ष पाठीवरून सडांकडे आणि शेपटीखाली वळतं, ते तू अगदी बरोबर टिपलंस. सडांभोवतीचे केस विरळ होणंही याच काळातलं.

कडुलिंबाचं पाणी तर नकोच. पिल्लं आंधळी जन्मतात, सड वासावरून शोधतात, आणि त्या वासात आईची लाळ असते. सड धुऊन टाकले तर पिल्लं तोंड लावत नाहीत, लाळ परत लावली की लावतात, हेही प्रयोगात दिसलंय.

कातडी लाल झाली, रक्त आलं किंवा तिने खाणं सोडलं तर मात्र त्याच दिवशी गुरांच्या डॉक्टरकडे ने.

सावली, डिचोली
कॉलर काढून ठेवली, बाई. ती विणार कधी, कसं समजायचं?

म्हापशाची बाई
गाभण राहिल्यापासून साधारण 21 ते 23 दिवसांनी. आत्ताच टिश्यू पेपरच्या पट्ट्या टाक, अत्तराचा वास नसलेल्या. घरटं ती स्वतः बांधेल. पिंजरा ओल येणाऱ्या भिंतीपासून दूर ठेव, आणि पाण्याची बाटली रोज भर, दूध पाजताना तिला खूप पाणी लागेल.