कोकणातल्या पावसाळ्यासाठी टिकाऊ ड्रायर कोणता घ्यावा? मदत हवी आहे

नमस्कार.

घरी कपडे वाळवण्यासाठी नवीन ड्रायर घ्यायचा आहे आणि ज्यांनी असा ड्रायर निदान चार-पाच वर्षे वापरला आहे त्यांचे अनुभव मला हवे आहेत. सेमी ऑटोमॅटिक मशीनमधल्या पिळणाऱ्या टबालाही आपल्याकडे ड्रायरच म्हणतात आणि दुकानात विचारले की निम्मे विक्रेते तोच दाखवतात, म्हणून आधीच स्पष्ट करते : मला गरम हवेने कपडे पूर्ण कोरडे करणारे स्वतंत्र यंत्र हवे आहे.

आमचे घर रत्नागिरीजवळ, खाऱ्या हवेच्या पट्ट्यात आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. एकदा झड लागली की आठ-आठ दिवस उघडीप मिळत नाही. पडवीतल्या वलणीवर टाकलेली जाड चादर तिसऱ्या दिवशीही हाताला गार लागते आणि तिला जो कुबट वास येतो तो पुन्हा धुतल्याशिवाय जात नाही. सासूबाईंनी त्यांच्या मुलांची दुपटी निखाऱ्यांच्या शेगडीवर टोपली पालथी घालून वाळवली होती. त्याच सासूबाई आता अडीच वर्षे अर्धांगवायूमुळे अंथरुणाला खिळून आहेत. त्यांच्या चादरी, खाली घालायचे सुती तुकडे, गाऊन आणि पंचे मिळून रोज मशीनचा एक पूर्ण लोड निघतो. पाठीखालचे कापड किंचितही ओलसर राहता कामा नये, कातडी भिजून मऊ पडली की जखमा व्हायला वेळ लागत नाही, असे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावले होते. त्यामुळे ड्रायर ही आमच्या घरात चैनीची वस्तू राहिलेली नाही. तो चार दिवस बंद पडला तरी आमचे हाल होतात, आणि म्हणूनच मी टिकाऊपणाबद्दल इतके खोदून विचारते आहे.

जुना ड्रायर साडेपाच किलोचा, वाफ नळीने बाहेर सोडणारा साधा प्रकार होता. त्याने नऊ पावसाळे काढले. चौथ्या वर्षी ड्रम फिरवणारा पट्टा तुटला, तो गावातल्या मेकॅनिकने अर्ध्या तासात बदलला. सातव्या वर्षी हीटरजवळचा जास्त उष्णतेला तुटणारा कट-आउट गेला, तोही त्यानेच बदलला. गेल्या श्रावणात मात्र कंट्रोल बोर्ड गेला. कंपनीच्या सेवा केंद्राने भेटीचे पैसे घेतले, सुटा भाग मागवतो म्हणून सहा आठवडे थांबवले आणि शेवटी हे मॉडेल बंद झाल्यामुळे बोर्ड मिळणार नाही असे कळवले. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण एका केंद्राच्या अनुभवावरून सगळ्यांना दोष देणे मला योग्य वाटत नाही. पण मोटर, ड्रम, हीटर सगळे शाबूत असताना तळहाताएवढ्या बोर्डापायी अख्खे यंत्र भंगारात जावे, याचे मला फार वाईट वाटले.

त्या वेळी मेकॅनिकने मागचे झाकण उघडले तेव्हा आत जे दिसले ते सांगायलाच हवे. जाळीचा फिल्टर मी प्रत्येक लोडनंतर न चुकता साफ करत होते, तरी हीटरच्या पत्र्याभोवती कपड्यांच्या तंतूंचा बोटभर जाड, नमद्यासारखा थर बसलेला होता आणि त्याची एक कड करपून तपकिरी झाली होती. ब्रिटनमध्ये एप्रिल २००४ ते सप्टेंबर २०१५ या काळात बनलेल्या काही ड्रायरांमध्ये हे तंतू हीटरला लागून आगी लागल्या होत्या आणि पुढे २०१९ मध्ये ते ड्रायर लोकांच्या घरांतून परत मागवावे लागले, हे मला नंतर वाचून कळले. तेव्हापासून, आतले भाग स्वच्छ करण्यासाठी यंत्र किती सहज उघडता येते, हा माझ्या लेखी वॉरंटीइतकाच महत्त्वाचा प्रश्न झाला आहे.

आता पर्यायांकडे येते. माझ्यासमोर मुख्यतः दोन आहेत : पुन्हा तसाच साधा, नळीवाला ड्रायर घेणे, किंवा हीट पंपाचा घेणे. कंडेन्सर (वाफेचे आतच पाणी करणारी जाळी) असलेला पण हीटरवर चालणारा तिसरा प्रकारही आहे, पण तो नळीवाल्याइतकीच वीज खातो आणि वर खोली तापवतो, म्हणून तो मी सोडून दिला आहे. धुणे आणि वाळवणे एकाच यंत्रात करणारे मशीनही पाहिले. त्यात आठ किलो कपडे धुता आले तरी वाळवता पाचच किलो येतात, म्हणजे अर्धे कपडे बाहेर काढून दोनदा वाळवावे लागतात आणि तोवर पुढचे धुणे अडून बसते. शिवाय ते बिघडले तर धुणे आणि वाळवणे दोन्ही एकदम बंद पडणार, आणि ही जोखीम मला आमच्या घरात परवडणारी नाही.

हीट पंपाचा ड्रायर म्हणजे आतून बराचसा फ्रिजच असतो. कॉम्प्रेसरने फिरवलेला वायू एका जाळीत थंड होतो, दुसरीत गरम होतो. कपड्यांमधून आलेली दमट हवा थंड जाळीवर आपले पाणी सोडते आणि तीच हवा गरम जाळीवरून पुन्हा ड्रममध्ये जाते. उष्णता वाया जात नसल्यामुळे सात-आठ किलोच्या लोडला साधारण दीड ते दोन युनिट वीज पुरते, तर हीटरच्या ड्रायरला तेवढ्याच कपड्यांसाठी चार ते पाच युनिट लागतात. हवा कमी तापत असल्यामुळे कापड जपले जाते, मात्र वेळ जास्त, म्हणजे दोन ते तीन तास लागतो. भिंतीला भोक पाडावे लागत नाही. पूर्ण लोडमधून निघालेले तीन-चार लिटर पाणी टाकीत साठते किंवा नळीने मोरीत सोडता येते. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडते, त्यामुळे दोन-अडीच किलोवॉटच्या हीटरपेक्षा किलोवॉटच्या आत चालणारे यंत्र मला जास्त सोयीचे वाटते.

इथवर हीट पंपच घ्यावा असे वाटते. पण मी घरचा हिशेब मांडला तेव्हा चित्र तितके सरळ राहिले नाही. आमचा वापर पावसाळ्यापुरता, म्हणजे वर्षाला सुमारे १३० लोड. उरलेले आठ महिने ऊन फुकट आहे आणि चादरींना उन्हासारखे दुसरे काही नाही, असे मी आजही मानते. एका लोडमागे अडीच युनिट वाचले तर वर्षाला सव्वातीनशे युनिट होतात. आमच्या बिलात वरच्या टप्प्यातले युनिट दहा रुपयांहून महाग पडते, म्हणजे वर्षाची बचत साडेतीन हजारांच्या आसपास येते. मला मिळालेल्या भावांमध्ये दोन प्रकारांच्या किमतीत पस्तीस ते चाळीस हजारांचा फरक आहे. तो भरून निघायला दहा-अकरा वर्षे लागणार आणि मधेच एकदा कॉम्प्रेसर किंवा वायूची गळती निघाली तर हिशेब पुरता कोसळणार. ज्यांच्याकडे बाराही महिने रोज ड्रायर चालतो त्यांच्यासाठी हे गणित उलट असेल, हे मला मान्य आहे.

म्हणून माझा खरा प्रश्न विजेचा नाही, दुरुस्तीचा आहे. पट्टा, रोलर, कट-आउट, हीटर हे भाग आमचा मेकॅनिक डोळे मिटून बदलतो. हीट पंपात बिघाड झाला तर फ्रिजचे काम करणारा माणूस त्याला हात लावतो का, की कंपनी पूर्ण हीट पंपच बदलायला लावते? वायू भरण्यासाठीचे तोंड त्यात ठेवलेले असते का? खाऱ्या हवेने आमच्या एसीच्या बाहेरच्या युनिटची जाळी चार वर्षांत खाऊन टाकली होती. ड्रायरची जाळी घरात, झाकणाआड असते हे खरे, पण तिच्यावरून सतत दमट हवा वाहत असते. समुद्राजवळ राहणाऱ्या कोणाची ही जाळी किंवा तिच्या नळ्या गंजल्या आहेत का, हे मला प्रामुख्याने जाणून घ्यायचे आहे. मालवण, अलिबाग, गोवा, मुंबईचा पश्चिम किनारा, कुठलाही अनुभव चालेल.

दुसरी शंका त्या जाळीच्या सफाईची आहे. काही मॉडेलांत खालचे झाकण उघडून जाळी हाताने ब्रशने साफ करता येते, तर काहींत ती आतच बंद असते आणि निघालेल्या पाण्यानेच स्वतःहून धुतली जाते. विक्रेते दुसऱ्या प्रकाराची फार तारीफ करतात. पण दक्षिण कोरियात २०१९ साली तिथल्या ग्राहक संस्थेने एका मोठ्या उत्पादकाला अशाच स्वतःहून धुतल्या जाणाऱ्या कंडेन्सरच्या सुमारे साडेचौदा लाख ड्रायरांची मोफत दुरुस्ती करावी अशी शिफारस केली होती, कारण आत तंतू साचून राहत होते. जुन्या ड्रायरच्या पोटातला तो करपलेला थर पाहिल्यापासून मला माझ्या हाताने साफ करता येईल असेच यंत्र हवे आहे. त्यात रोजचे पाच मिनिटांचे काम वाढले तरी माझी हरकत नाही.

मी बॉश, सीमेन्स, आयएफबी, एलजी आणि सॅमसंग यांची माहितीपत्रके पाहिली आहेत. मीले आपली यंत्रे वीस वर्षांच्या वापराइतकी चालवून तपासते असे सांगते, पण ती किंमत माझ्या आवाक्यात नाही. माहितीपत्रकांत कार्यक्रमांची संख्या, मोबाइलवरून चालवण्याची सोय, दिव्यांचे रंग हे सारे असते. सुटे भाग किती वर्षे मिळतील, ड्रमला मागे बेअरिंग आहे की नुसता आधाराचा नमदा, मोटरला ब्रश आहेत की नाहीत, हे मात्र कुठेच नसते. विक्रेत्याला विचारले तर तो दहा वर्षांची वॉरंटी म्हणून सांगतो आणि नीट वाचल्यावर ती फक्त मोटरची किंवा कॉम्प्रेसरची निघते. बोर्डाची वॉरंटी किती, हा प्रश्न मी आता पहिल्यांदा विचारते. बोर्डासाठी पाच वर्षांची विस्तारित वॉरंटी कोणी घेतली असेल आणि ती प्रत्यक्ष कामी आली असेल, तर कृपया लिहावे.

उत्तर देताना यंत्र कोणत्या वर्षी घेतले, कोणत्या गावी आहे, आठवड्यातून किती वेळा चालते, पहिला बिघाड कधी आणि कशाचा झाला, आणि तो भाग हाती यायला किती दिवस लागले, एवढे सांगितले तर मला फार मदत होईल. नुसते उत्तम आहे किंवा बेकार आहे, यावरून निर्णय घेणे कठीण जाते.

भर : दोघांनी विचारले आहे म्हणून लिहिते. आमचे कपडे धुण्याचे मशीन फ्रंट लोड आहे आणि मी चादरी १४०० फेऱ्यांवर पिळते. पूर्वी ८०० वर पिळत होते. ८०० वर सुती कपड्यांत त्यांच्या कोरड्या वजनाच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी राहते, १४०० वर ते पन्नास टक्क्यांच्या आसपास येते, आणि पिळून पाणी काढायला तापवून काढण्यापेक्षा कितीतरी कमी वीज लागते. ज्यांना ड्रायर वेळ फार घेतो अशी तक्रार आहे त्यांनी आधी हे करून पाहावे. कपडे ओलसर असतानाच यंत्र थांबत असेल तर ड्रमच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या दोन पट्ट्या ओल्या फडक्याने पुसाव्यात. कपड्यांतला ओलावा यंत्र त्याच पट्ट्यांवरून ओळखते आणि कपडे मऊ करण्याच्या द्रवाचा पातळ थर त्यांच्यावर बसतो.

डिह्युमिडिफायरचा पर्याय सुचवणाऱ्यांचे आभार. खोलीची दारे-खिडक्या बंद करून, दोऱ्या बांधून त्याने कपडे चांगले वाळतात हे मी माहेरी पाहिले आहे आणि त्याचे तत्त्व हीट पंपाचेच आहे. पण आमच्याकडे त्यासाठी वेगळी खोली नाही, आणि रात्री तीन वाजता बदललेली चादर सकाळी नऊला परत लागते.

नळी किती लांब होती, या प्रश्नाचे उत्तर : आठ फूट, चार इंची, घड्यांची, आणि तिला दोन वळणे होती. मेकॅनिकच्या मते आत इतके तंतू साचण्याचे ते एक मोठे कारण होते, कारण हवा बाहेर जोराने जातच नव्हती. पुन्हा नळीवालाच ड्रायर घ्यायचा ठरला तर तो मोरीलगतच्या बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवीन, म्हणजे दोन फुटांचा गुळगुळीत पत्र्याचा सरळ पाइप पुरेल. त्याच्या बाहेरच्या तोंडाला पाल, उंदीर आत येणार नाहीत आणि तंतूही अडकणार नाहीत असे झाकण कोणते बसवावे, हेही कोणाला माहीत असेल तर सांगावे. बारीक जाळी बसवून पाहिली होती, ती पंधरा दिवसांत ओल्या तंतूंनी बुजली.