ताप आला की स्वमग्न मूल जवळ येते, ते का? (आयएल-१७ए जनुकाविषयी)

सातारची_आई
नमस्कार. माझा मुलगा ९ वर्षांचा असून स्वमग्न आहे. डोक्याला तेल लावणेही त्याला खपत नाही. मात्र गेल्या आषाढात १०२ ताप चढला, तेव्हा तो आपणहून माझ्या मांडीवर डोके ठेवून पडला आणि हातातली बांगडी फिरवत कितीतरी वेळ माझ्याकडे पाहत राहिला. ताप उतरल्यावर सारे पूर्ववत झाले. याचा संबंध रोगप्रतिकारशक्तीच्या ‘आयएल-१७ए’ या जनुकाशी आहे असे वाचले. हे खरे आहे का? एका उपचारकेंद्राने प्रतिकारशक्ती वाढवणारी महागडी इंजेक्शने सुचवली आहेत. ती द्यावीत का?

पेशी_अभ्यासक
ताई, तुम्हाला भास झालेला नाही. २००७ साली अमेरिकेत ३० स्वमग्न मुलांच्या तापकाळातील नोंदी प्रसिद्ध झाल्या. त्यांतील बहुतेकांची चिडचिड, अतिचंचलता किंवा त्याच त्या हालचाली ताप असेपर्यंत कमी झाल्या होत्या.

हे जनुक ज्या प्रथिनाची कृती सांगते, ते काही पांढऱ्या पेशी जंतू आणि बुरशीविरुद्ध इशारा म्हणून सोडतात. ग्लोरिया चोई आणि जून हुह या संशोधकांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवले, की गाभण उंदरिणीला विषाणुसंसर्गासारखी चेतना दिली असता तिच्या शरीरात हे प्रथिन वाढते आणि पुढे पिल्ले इतर उंदरांपासून दूर राहतात. प्रथिन रोखल्यास मात्र तसे होत नाही. २०२० मध्ये त्यांनाच उलट बाजू दिसली. अशीच पिल्ले मोठी झाल्यावर त्यांच्या शरीरात दाह निर्माण केला, तेव्हा या प्रथिनाने स्पर्शसंवेदनेशी संबंधित मेंदूभागातील अतिरिक्त खळबळ शांत केली आणि ती काही काळ इतरांजवळ जाऊ लागली. नुसते तापमान वाढवून हा परिणाम साधला नाही. गर्भात जे घातक ठरले तेच पुढे उपकारक ठरावे, ही गोष्ट मला अजूनही थक्क करते. स्वमग्नतेशी संबंध असलेल्या शँक-३सारख्या जनुकात बिघाड असलेल्या उंदरांत दाहाचा उपयोग झाला नाही, कारण त्यांच्यात हे प्रथिन पुरेसे वाढलेच नाही. ते थेट मेंदूत सोडल्यावर मात्र त्यांचेही वागणे बदलले.

बालरोग_पुणे
ती इंजेक्शने देऊ नका, असे मी स्पष्टपणे सांगेन. हेच प्रथिन सोरायसिस या त्वचारोगात दाह भडकवते, म्हणून त्या आजारात ते रोखणारी औषधे देतात. तेव्हा ‘प्रतिकारशक्ती वाढवणे’ या मोघम शब्दांखाली नेमके काय टोचले जाणार आहे, हे त्या केंद्राला लेखी विचारावे. लाभ व्हावा म्हणून ताप मुद्दाम अंगावर काढू नये. मूल त्रासात असेल, तर पॅरासिटामॉल नेहमीप्रमाणे, वजनानुसार द्यावे.

आजोबा_ठाणे
एक भर घालतो. उंदीर ‘सामाजिक’ झाला म्हणजे तो निर्जीव वस्तू ठेवलेल्या कप्प्यापेक्षा दुसऱ्या उंदराच्या कप्प्याजवळ जास्त वेळ थांबला. माझी नात खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसूनही माझ्या पावलांची चाहूल लागताच गुणगुणायची थांबते; तिची ही ओढ त्या मोजणीत कुठेच येणार नाही.

सातारची_आई
आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. इंजेक्शनांचा विचार सोडला आहे. आजपासून एका वहीत तापमान, दिलेले औषध, झोप आणि तो किती वेळ जवळ बसला हे लिहून ठेवीन. त्या तापात आमच्या घरात उजेडही मंद होता आणि कुणी त्याला काही करायला सांगत नव्हते, तेही लिहीन.