धर्म आणि लोकशाही: भिंत कोणी मागितली?

अ-१०२
सर्वांना नमस्कार. धर्म ही घरातली बाब असून लोकशाहीशी तिचा काडीचाही संबंध असता कामा नये, असा एक संदेश काल आपल्या सोसायटीच्या गटावर फिरला आणि त्याखाली दोन्ही बाजूंनी पुष्कळ अंगठे उमटले. माझा प्रश्न साधा आहे: असा संबंध मुळीच नसलेली लोकशाही जगात कोठे आहे का? कोणत्याही पक्षाचे नाव न घेता उत्तर मिळावे, ही विनंती. क-४०४ मधील ताईंनी हा विषय बरीच वर्षे शिकवला आहे. त्यांनी सवडीने लिहावे.

क-४०४
काका, सरळ उत्तर द्यायचे तर मला तरी अशी लोकशाही ठाऊक नाही. ब्रिटनच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहात २६ बिशप बसतात. जर्मनीत चर्चचा कर सरकारी यंत्रणा आयकराबरोबरच वसूल करून देते. या विषयात ज्याचे नाव सर्वांत आधी घेतले जाते त्या फ्रान्सने १९०५ च्या कायद्यात, प्रजासत्ताक कोणत्याही उपासनेला मान्यता, पगार किंवा अनुदान देणार नाही, असे लिहून टाकले खरे. पण त्यापूर्वीची बहुतेक चर्चे सार्वजनिक मालकीचीच राहिली आणि गावातल्या चर्चचे छप्पर गळू लागले की तो प्रश्न आजही नगरपालिकेच्या बैठकीत येतो.

परंतु मला त्या संदेशातली खटकलेली गोष्ट वेगळी आहे. धर्म आणि राज्य यांच्यात भिंत हवी, ही मागणी धर्म न मानणाऱ्यांनी केली, असे त्यात गृहीत धरले आहे. या भिंतीची उपमा ज्या पत्रामुळे गाजली ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी १ जानेवारी १८०२ रोजी तेथील कनेक्टिकट राज्यातल्या डॅनबरी येथील बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींना लिहिले होते आणि ती मंडळी पक्की श्रद्धाळू होती. त्यांच्या राज्यात दुसऱ्याच पंथाचे चर्च अधिकृत होते. त्या चर्चसाठी आकारला जाणारा कर चुकवायचा असेल, तर आपण वेगळ्या पंथाचे आहोत असे प्रमाणपत्र सादर करावे लागे. कर माफ होई, पण आपल्या श्रद्धेचा दाखला दुसऱ्याच्या दारात नेऊन द्यावा लागे, आणि त्यांना सलत होते ते नेमके हेच: उपासनेचे स्वातंत्र्य आम्हाला हक्क म्हणून मिळत नाही, मेहेरबानी म्हणून मिळते. अधिकृत धर्म ठरवण्यास मनाई करणारी १७९१ ची अमेरिकन घटनादुरुस्ती केवळ केंद्राच्या विधिमंडळाला बांधून घालत होती, त्यामुळे कनेक्टिकटमधली ती व्यवस्था १८१८ पर्यंत आणि शेजारच्या मॅसॅच्युसेट्समधली १८३३ पर्यंत टिकली. म्हणजे भिंत मागितली ती धर्मातल्याच दुबळ्या बाजूने.

ब-७०१
ताई, उदाहरण चांगले आहे, पण ते अल्पसंख्य पंथाचे आहे. बहुसंख्यांचा धर्म मतपेटीपर्यंत पोहोचला की काय होते, हे श्रीलंकेत दिसले. १९५६ च्या निवडणुकीत बंडारनायके यांच्यासाठी बौद्ध भिक्खूंनी गावोगावी प्रचार केला. ते पंतप्रधान झाले आणि सिंहली ही एकमेव राजभाषा ठरवणारा कायदा त्याच वर्षी आला. पुढे तमिळ नेत्यांशी तडजोड करायची वेळ आली, तेव्हा भिक्खूंच्या दबावाखाली त्यांना करार मोडावा लागला आणि सप्टेंबर १९५९ मध्ये त्यांची हत्या झाली ती एका भिक्खूच्याच हातून. कटाच्या सूत्रधाराने तर १९५६ मध्ये त्यांचा प्रचार केला होता. धर्माकडून उसनी घेतलेली मते अशी व्याजासकट परत मागितली जातात. त्यामुळे धर्माला सार्वजनिक जीवनापासून लांब ठेवणे हाच मला शहाणपणा वाटतो.

क-४०४
तुमचे उदाहरण खोडून काढता येण्यासारखे नाही, आणि मला ते खोडायचेही नाही. मात्र "लांब ठेवणे" म्हणजे नक्की काय करायचे, हे ठरवताना गफलत होते. तुर्कस्तानने ३ मार्च १९२४ रोजी खिलाफत रद्द केली आणि त्याच दिवशी धार्मिक कारभारासाठी एक सरकारी संचालनालय स्थापन केले. इमाम सरकारी नोकर झाले, मशिदींचा कारभार त्या खात्याकडे गेला आणि धर्मनिरपेक्षतेचे तत्त्व १९३७ मध्ये राज्यघटनेतही आले. धर्माला लांब ठेवण्याच्या नावाखाली तो प्रत्यक्षात सरकारच्या पगारपत्रकावर गेला. मग पुढे सरकार बदलले, तेव्हा नव्या सरकारला ते खाते आयतेच हाती मिळाले. माझ्या मते भिंतीची उंची मोजत बसण्यापेक्षा कोणाचा पगार कोण देतो आणि कोणाची उमेदवारी कोण मंजूर करतो, हे आधी पाहावे. इराणमध्ये निवडणुका होतात, पण उमेदवारांची छाननी बारा जणांची पालक परिषद करते. त्यातले सहा धर्मशास्त्री सर्वोच्च नेता नेमतो आणि उरलेले सहा कायदेतज्ज्ञ संसद निवडते, तेही न्यायसंस्थेच्या प्रमुखाने सुचवलेल्या नावांतून. तेथे महागाईवरचा रागही धर्मापर्यंत जाऊन पोहोचतो, कारण राज्य चालवण्याची जबाबदारी धर्मानेच अंगावर घेतली आहे.

आता माझा खरा मुद्दा मांडते. लोकशाहीने धर्माला हरायला शिकवले, म्हणजे मतदानात हरूनही आपली श्रद्धा शाबूत राहते, हे शिकवले. आणि धर्माने लोकशाहीला हे दाखवून दिले, की काही गोष्टी मतदानाला टाकायच्याच नसतात.

या दोन्ही गोष्टी एकाच दुपारी पाहायच्या असतील तर १७ ऑक्टोबर १९४९ चे आपल्या संविधान सभेचे कामकाज वाचावे. उद्देशिकेची सुरुवात "ईश्वराच्या नावाने" अशी करावी, अशी दुरुस्ती ह. वि. कामत यांनी मांडली. रोहिणीकुमार चौधरी म्हणाले, की ईश्वरच का, देवीच्या नावाने का नको? पट्टम थाणू पिल्लै यांचा आक्षेप असा होता, की ही दुरुस्ती स्वीकारली तर श्रद्धेच्या बाबतीत सक्ती केल्यासारखे होईल. हृदयनाथ कुंझरू यांना हे शब्द ज्या उद्देशिकेत घालायचे त्याच उद्देशिकेतल्या विचार व श्रद्धेच्या स्वातंत्र्याशी विसंगत वाटले. पूर्णिमा बॅनर्जी यांनी तर कामतांना विनवले, की ईश्वरावर मत देण्याच्या अवघड प्रसंगात आम्हाला टाकू नका. कामत हटले नाहीत. मतदान झाले आणि दुरुस्ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली. त्या ६८ जणांना नास्तिक समजण्याचे काहीच कारण नाही. सभेत श्रद्धाळूंची वाण नव्हती. आपली श्रद्धा दुसऱ्याच्या तोंडी घालण्याचा अधिकार आपल्याला नाही, एवढेच त्यांनी मान्य केले. पदाच्या शपथेत मात्र संविधानाने दोन्ही वाटा खुल्या ठेवल्या: कोणी "ईश्वरसाक्ष" शपथ घ्यावी, कोणी "गांभीर्यपूर्वक दृढकथन" करावे. मला ती दुरुस्ती फेटाळण्याइतकीच ही सोयही मोलाची वाटते.

अ-१०२
ताई, हा प्रसंग मला ठाऊक नव्हता. पण "लोकशाहीने धर्माला शिकवले" हे जरा मोठे विधान झाले. धर्मसंस्था मुळात मतमोजणीवर चालत नाहीत. त्या खरोखर बदलल्या, की परिस्थितीपुढे नाइलाज म्हणून गप्प बसल्या?

क-४०४
काका, दोन्ही झाले आणि कोठे एक संपून दुसरे सुरू झाले, हे सांगणे अवघड आहे. रोमन कॅथलिक चर्चने १८६४ मध्ये जी मते चुकीची म्हणून जाहीर केली, त्यांत चर्च आणि राज्य वेगळे असावे हेही एक होते. १९५० च्या दशकात धर्मस्वातंत्र्याच्या बाजूने लिहिणारे जेझुइट संघातले अमेरिकन धर्मगुरू जॉन कोर्टनी मरे यांना त्यांच्याच वरिष्ठांनी या विषयावर लिहिणे थांबवायला सांगितले. आणि डिसेंबर १९६५ मध्ये व्हॅटिकनच्या परिषदेने धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा २,३०८ विरुद्ध ७० मतांनी मंजूर केला, ज्याच्या मसुद्यात मरे यांचाच मोठा हात होता. लोकशाही देशात अल्पसंख्य म्हणून राहण्याचा अनुभव अमेरिकेतल्या बिशपांच्या गाठीशी होता आणि तोच त्यांनी परिषदेत पुढे ठेवला. तो केवळ नाइलाज असता, तर फेब्रुवारी १९८६ मध्ये फिलिपिन्सच्या राजधानीत, मनिलात, जे घडले ते घडले नसते. हुकूमशहा मार्कोस यांच्याविरुद्ध उठलेल्या सैनिकांचे रक्षण करायला रस्त्यावर या, असे तेथील कार्डिनलने रेडिओवरून सांगितले आणि रणगाड्यांसमोर जपमाळा हातात घेतलेल्या नन गुडघे टेकून बसल्या. (त्याच चर्चने पुढे अनेक दशके तेथे घटस्फोटाचा कायदा होऊ दिला नाही, हेही लिहून ठेवते, नाहीतर ब-७०१ लिहितीलच.)

अ-३०३
ताई, एक भर घालते. धर्मसंस्था मतमोजणीवर चालत नाहीत, असे काका म्हणतात, पण १९२५ च्या शीख गुरुद्वारा कायद्याने गुरुद्वारांचा कारभार निवडून आलेल्या समितीकडे सोपवला आणि त्या निवडणुकीत स्त्रियांना सुरुवातीपासून मत होते. परकीय राजवटीत, आणि तेही महंतांच्या ताब्यातून गुरुद्वारे सोडवण्यासाठी अनेकांनी प्राण दिल्यानंतर, हे मिळाले. समितीत पुढे राजकारण शिरले, हे उघड आहे. जेथे निवडणूक तेथे ते येणारच.

ब-७०१
ताई, मनिलाबद्दल तुम्ही आधीच लिहिले, त्यामुळे माझे अर्धे काम वाचले. पण लेबनॉनचे काय? तेथे धर्माला हरायला शिकवण्याऐवजी कोणीच हरू नये, अशी व्यवस्था केली. राष्ट्राध्यक्ष मारोनी पंथाचा ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी, संसदेचा सभापती शिया, आणि संसदेतल्या जागा ख्रिस्ती व मुस्लिमांत सहास पाच या प्रमाणात. यादवी युद्ध संपवण्यासाठी झालेल्या १९८९ च्या ताइफ करारानंतर ते निम्मे-निम्मे झाले. मूळ वाटणी १९३२ च्या जनगणनेवर बेतलेली होती आणि त्यानंतर तेथे पूर्ण जनगणनाच झालेली नाही, कारण माणसे मोजली तर वाटणी मोडेल. मोजणीवर उभी असलेली लोकशाही मोजायलाच घाबरते.

क-४०४
हे उदाहरण माझ्या विधानात बसत नाही, हे मान्य करते. तेथे कोणताही एक धर्म राज्याच्या वर नव्हता. सगळ्यांना खुर्च्या मिळाल्या आणि त्या सोडण्याची वेळ कोणावरच आली नाही. फरक इतकाच, की ही वाटणी टप्प्याटप्प्याने संपवावी आणि त्यासाठी एक राष्ट्रीय समिती नेमावी, हे ताइफनंतर त्यांच्या राज्यघटनेतच लिहिले गेले. वाटणी अजून तशीच आहे.