विषय: व्याज नको म्हणणारे ग्राहक

मीनल, सुदामानगर:

नमस्कार मंडळी,
म्युच्युअल फंडाच्या कामामुळे राणीपुरा, खजराना भागात बरेच मुस्लिम ग्राहक भेटतात. परवा एका कापड व्यापाऱ्यांनी पासबुक दाखवलं. बचत खात्यात व्याज जमा झाल्याच्या प्रत्येक नोंदीभोवती पेन्सिलीने गोल. तेवढी रक्कम ते पुण्याची अपेक्षा न ठेवता गरजूंना देऊन टाकतात. एफडीचं नाव काढताच म्हणाले, "ब्याज नहीं, दीदी." त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाने मात्र बँकेचं गृहकर्ज घेतलंय. एकाच घरात हे कसं? दोघांना काय दाखवू?

अनंतकाका, लोकमान्यनगर:

मीनल,
धर्म एक असला तरी बांधिलकी माणसागणिक वेगळी. मानसशास्त्रज्ञ वर्दिंग्टन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ती मोजायला १० विधानांची मोजपट्टी केली. तीत मनातली श्रद्धा वेगळी धरलीय आणि समाजात वावरताना पाळलेला धर्म वेगळा. म्हणून आडनाव बघून फंड सुचवू नकोस, आधी विचार.

थोरल्यांना टाटा एथिकलसारखे फंड दाखव. तिथे बँका, दारू, तंबाखू बाद. डोईजड कर्ज असलेल्या कंपन्याही बाद. आपल्याकडे पर्याय मुळात थोडे. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती, पण २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने इस्लामी बँकिंगचा विचार सोडून दिला. मग पैसा सोन्यात, जमिनीत किंवा बीसीत, म्हणजे भिशीत, जातो. नाहीतर 'हलाल नफा' म्हणणाऱ्याच्या हाती. बेंगळुरूची आयएमए ही गुंतवणूक कंपनी २०१९ मध्ये बुडाली तेव्हा हजारो मुस्लिम कुटुंबांची पुंजी गेली. याचा मला फार संताप येतो. जो सर्वात निष्ठेने व्याज टाळतो, तोच अशा जाळ्यात आधी सापडतो. त्यामुळे योजना सेबीकडे, म्हणजे बाजाराच्या सरकारी नियामकाकडे, नोंदलेली आहे का, हे त्यांना स्वतः तपासायला शिकव.

सुलभाताई, तिलकनगर:

काका, बाकी सगळं पटलं, पण थोरल्यांना फक्त धर्माचं गणित सांगून भागणार नाही. जॉर्डनमधल्या इस्लामी बँकांच्या ग्राहकांवर १९८९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बँक निवडताना धर्म हे मुख्य कारण ठरलं नव्हतं, नफ्याचा विचार मोठा होता. मीनल, परतावा, खर्चाचं प्रमाण, चढउतार सगळं मांड. धाकट्यालाही तेच कागद दाखव, कर्ज घेतलं म्हणून त्याला हे नकोच असेल असं नाही. आणि फंडाच्या हातात पडून असलेल्या रोख रकमेवर व्याज घेतात का, हे थोरले नक्की विचारतील. फंड कंपनीकडून लेखी उत्तर आणूनच जा.